साधा क्लिअर की टू-के? घरी रंगवलेल्या पार्टवरच्या शेवटच्या कोटाचा हिशोब

क्लिअर म्हणजे रंगावर शेवटी मारायचा पारदर्शक थर. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत रंगाच्या दुकानात जाऊन नुसतं "गाडीसाठी क्लिअर द्या" म्हटलं, की काउंटरवर ४०० मिलीचा साधा स्प्रे येऊन उभा राहतो. घेणाऱ्याला वाटतं क्लिअर म्हणजे क्लिअर, देणाऱ्याला वाटतं घरचंच काम आहे, चालतंय की. पार्ट पहिल्या दिवशी आरशासारखा दिसतो. तीन महिन्यांनी टाकीच्या तोंडाशी पेट्रोल सांडलेल्या जागी वरचा थर मऊ पडतो, बोट चिकटतं, आणि दोष जातो खालच्या रंगावर. रंगाचा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

म्हणून इथे तीन प्रकारचे क्लिअर तपासले आहेत: साधा (वन-के) स्प्रे डबा, बुडाशी बटण असलेला टू-के, म्हणजे क्लिअर आणि त्याला पक्का करणारा हार्डनर अशा दोन घटकांचा, स्प्रे डबा, आणि स्प्रे गनने मारायचा क्लिअर-हार्डनरचा जोड. निकाल आधीच सांगतो. आरशाचं कव्हर, व्हीलकॅप, आतलं ट्रिम यांना साधा डबा पुरतो. बॉनेट, टप, बंपरचा वरचा भाग, पेट्रोलच्या झाकणाचा परिसर आणि दुचाकीची टाकी यांना टू-केच हवा. गनचा जोड सगळ्यात चांगला आणि मिलीच्या हिशोबाने सगळ्यात स्वस्त, पण ज्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे त्यालाच. आणि तिन्हींच्या वर एक गोष्ट, कोल्हापूरची हवा. महागडा क्लिअर चुकीच्या तासाला मारला, तर योग्य तासाला मारलेला साधा डबा त्याच्यापेक्षा बरा दिसतो.

साधा आणि टू-के यांतला फरक विटेवरून समजतो. कच्ची वीट कडक वाळते, पण पावसात ठेवली की पुन्हा चिखल. भट्टीतून निघालेली वीट पाण्यात बुडवली तरी वीटच राहते. साध्या डब्यातलं ॲक्रिलिक थिनरमध्ये विरघळवलेलं असतं. थिनर उडालं की थर उरतो, आणि तोच थिनर परत लागला की थर पुन्हा सुटतो. पेट्रोल, त्यात मिसळलेलं इथेनॉल, ब्रेक ऑइल, सगळे त्याला कमी-जास्त मऊ करतात. टू-केमध्ये हार्डनरमधलं आयसोसायनेट क्लिअरच्या रेझिनशी जोडलं जातं आणि जाळं तयार होतं. ते जाळं पक्कं झालं की थिनरने उलगडत नाही. घरच्या घरी ओळखायचं तर कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून पार्टच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर दहा सेकंद घासा. थर चिकट झाला तर वन-के, नुसता स्वच्छ झाला तर टू-के. जुन्या पार्टवर काय मारलंय हे माहीत नसेल तेव्हा हीच परीक्षा आधी करावी.

साध्या डब्याची बाजूही सांगायला हवी. स्वस्त आहे, उरलेला डबा पुढच्या वर्षी वापरता येतो, चूक झाली तर थिनरने पुसून पहिल्यापासून सुरू करता येतं. फक्त एका कोटात तो फार पातळ बसतो, साधारण १० ते १५ मायक्रॉन. कंपनीतून आलेल्या गाडीवर क्लिअरचा थर ४० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे दोन कोट मारून थांबलात तर पॉलिश करायला खाली काही उरतच नाही. एक हलका आणि त्यावर तीन ओले, असे चार कोट धरावेत. आरशाच्या दोन कव्हरांना एक डबा आरामात होतो. पूर्ण बंपरला दोन लागतात, तिसरा परत करता येईल अशा बोलीवर आणावा. अर्ध्या कामात डबा संपला आणि तासाभराने दुसरा सुरू केला, तर जोड दिसतो.

डबा हलवताना आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं मोजायची, हलवायला घेतल्यापासून नव्हे. थंडीत डबा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवला की फवारा बारीक पडतो. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल इतपत. गॅसवर, उन्हात किंवा उकळत्या पाण्यात अजिबात नाही. ५० अंशांच्या वर नेऊ नका हे डब्यावरच छापलेलं असतं. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. बटण पार्टच्या बाहेर दाबायचं, हात सरळ रेषेत पलीकडे नेऊन पार्टच्या बाहेरच सोडायचं, आणि पुढचा पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा. मनगट वळवून कमान काढली की मध्ये जाड आणि टोकांना पातळ बसतो. चार-पाच पट्ट्यांनंतर नोझलच्या तोंडाशी थेंब जमतो, तो कापडाने टिपायचा, नाहीतर तोच नेमका मधोमध टपकतो.

पहिला कोट फक्त धुरळ्यासारखा. पार्ट चमकायला नकोच, नुसता चिकट ठिपक्यांनी भरायला हवा. दहा मिनिटांनी त्याच ठिपक्यांवर ओला कोट धरतो, ओघळत नाही. घाईत हा पहिला कोट गाळला तर उभ्या बाजूला ओघळ ठरलेलाच. मेटॅलिक रंगावर दुसरं कारण आहे: पहिलाच कोट ओला मारला की खालचा बेस, म्हणजे रंगाचा थर, ढिला होतो, चांदीचा कण सरकतो आणि ढगाळ डाग दिसतात. मेटॅलिक बेसवर क्लिअरच्या आधी घासायचा पेपरही मारायचा नाही. कण कापला जातो आणि ओरखडा क्लिअरखालून कायमचा दिसतो. कचरा बसलाच असेल तर तेवढा हलक्या हाताने काढून त्यावर पुन्हा बेसचा हलका हात द्यावा.

बेस आणि क्लिअर यांच्यामध्ये किती थांबायचं, यावर दुकानात तीन जण तीन उत्तरं देतात. बेसची चमक पूर्ण जाऊन तो खडूसारखा दिसायला लागला, की पुढे आणखी १५-२० मिनिटं. दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. बेस २४ तासांपेक्षा जास्त वाळला तर क्लिअर धरण्याची खात्री कमी होते, आणि मेटॅलिक घासता येत नसल्याने बेसचा एक कोट नव्याने द्यावा लागतो. साध्या क्लिअरच्या कोटांमध्ये १० ते १५ मिनिटं. सगळे कोट तासाभरात उरकावेत, नाहीतर पूर्ण वाळू द्यावं. अर्धवट वाळलेल्या थरावर चार-सहा तासांनी नवा ओला कोट टाकला, तर खालचा फुगतो आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. त्यावर औषध नाही. वाळू द्या, घासून काढा, परत सुरू करा.

आता टू-के डबा. किंमत साध्याच्या कित्येक पट, आणि बहुतेकांचा पाय तिथेच अडतो. स्प्रेमॅक्ससारख्या डब्यात हार्डनर आत वेगळ्या कुपीत असतो. डबा नीट हलवायचा, उलटा करून बुडाशी असलेल्या पिनवर बटण दाबून कुपी फोडायची आणि पुन्हा दोन मिनिटं हलवायचं. त्या क्षणापासून घड्याळ सुरू. कुठल्या डब्यावर २४ तास लिहिलेले असतात, कुठल्यावर ४८, पण ते आकडे साधारण २० अंशांचे असतात. एप्रिलच्या दुपारी ती मुदत निम्म्यावर आली असं धरूनच चाला. कुपी फोडल्याची वेळ मार्करने डब्यावर लिहावी. मुदत संपलेला डबा बाहेरून ताजाच वाटतो, फवाराही येतो, पण आत गोठायला सुरुवात झालेली असते आणि थर धड बसत नाही. म्हणून टू-के डबा एका छोट्या कव्हरसाठी फोडणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी रंगवायचे सगळे पार्ट जमवा, मगच बटण दाबा.

मारायला तो साध्यापेक्षा सोपा आहे, हे कुणी सांगत नाही. एक मध्यम कोट, दहा-पंधरा मिनिटं विश्रांती, मग एक पूर्ण ओला कोट. एवढ्यात ४० ते ६० मायक्रॉन बसतात. फवारा रुंद पडतो आणि थर स्वतःच पसरून सपाट होतो. धोका उलटा आहे: तो इतका छान पसरतो, की हात मोहाने तिसरा कोट मारतो, आणि बंपरच्या खालच्या कडेला मण्यांची माळ लोंबते.

मास्कचं मात्र गंभीरपणे घ्यायचं. आयसोसायनेटच्या फवाऱ्याने दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे जराशा मात्रेनेही त्रास होतो. त्याला ओळखू येईल असा वास नाही. जो येतो तो थिनरचा. म्हणजे "वास येत नाही, बरं आहे" हा हिशोब इथे चालत नाही. कोरोनातला कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज आणि त्यावर कणांचा फिल्टर असलेला रबरी अर्धमुखी मास्क, चष्मा, नायट्राइल हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. दाढी असेल तर मास्कची कड बसत नाही. काम उघड्यावर करायचं आणि लहान मुलं, म्हातारी माणसं घराच्या दुसऱ्या बाजूला. खोली बंद करून, पंखा लावून मारू नका. दमा असलेल्या माणसाने टू-केच्या नादाला लागूच नये, पार्ट गॅरेजवाल्याकडे द्यावा. साध्या डब्यालाही मास्क लागतोच, पण तिथला धोका या जातीचा नाही.

गनच्या जोडात क्लिअरचा डबा आणि हार्डनर वेगवेगळे मिळतात. बहुतेक ठिकाणी प्रमाण दोनास एक, काहींचं चारास एक. डब्यावर असेल तेच धरायचं आणि हार्डनर त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला घ्यायचा. दोनास एकचं उदाहरण: २०० मिली क्लिअर, १०० मिली हार्डनर, १५ ते ३० मिली टू-के थिनर. आरशाच्या एका कव्हराला तयार मिश्रण ५० मिली पुरतं, आणि एवढं कमी मोजायला डोळ्यांचा अंदाज कामाचा नाही. औषधाच्या दुकानातली २० मिलीची सिरिंज घ्या. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवणं ही सगळ्यात पसरलेली चूक. त्याने वाळण्याचा वेग वाढत नाही, थर ठिसूळ होतो. कमी पडला तर आठवड्यानेही नखाची खूण उमटते. हार्डनर हवेतली ओल खातो. झाकण सैल राहिलेला डबा पावसाळ्यानंतर उघडला, की आत काकवीसारखं दाट काहीतरी असतं किंवा डबाच फुगलेला असतो. तो टाकायचाच, थिनर घालून जिवंत होत नाही. आणि थिनरही टू-केचंच. पिंपातून सुटं मिळणारं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर गन धुवायला ठीक.

गनला १.३ किंवा १.४ मिमी नोझल, इनलेटला दोन बारच्या आसपास हवा. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप कामाचा नाही. दोन एचपीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर छोट्या पार्टला पुरतो, बॉनेटला मध्येच दम टाकतो. पाणी गाळणारा सेपरेटर लावलाच पाहिजे, आणि काम सुरू करण्याआधी टाकीच्या बुडाचा कॉक उघडून पाणी काढायचं. जुलैत चहाच्या कपाएवढं पाणी निघालं तरी आश्चर्य नाही.

हवेकडे येऊ. जून ते सप्टेंबर इथे आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते आणि त्या हवेत साधा क्लिअर हमखास पांढरा पडतो. थिनर झपाट्याने उडताना पार्टचा पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि थरात अडकतं. दुधी धुकं दिसतं ते तेच. हलकं असेल तर हवा कोरडी झाल्यावर सावकाश उडणाऱ्या थिनरचा, म्हणजे रिटार्डरचा, अगदी हलका फवारा दिला की साधा क्लिअर पुन्हा पारदर्शक होतो. टू-के एकदा पांढरा होऊन पक्का झाला की घासण्यावाचून मार्ग नाही. पावसाळ्यात घरच्या कामाला सुट्टी देणं हेच खरं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ, पण सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढ्याच वेळात. सकाळी पत्र्यावर दव असतं, आणि पाचनंतर पत्रा हवेपेक्षा आधी गार होतो. हात लावून पत्रा गारढोण वाटला तर थांबावं. याच काळात गळीत हंगाम असतो. शहराच्या कडेला राहणाऱ्यांना माहीत आहे, संध्याकाळी उसाचं पाचट पेटलं की काळी काजळी अंगणात तरंगत येते. ती ओल्या क्लिअरवर बसली तर बोटाने उचलायला जाऊ नका. ती चुरते आणि एका ठिपक्याची बोटभर रेघ होते. पहिल्या कोटात असेल तर सुईच्या टोकाने अलगद उचला, शेवटच्या कोटात असेल तर राहू द्या. वाळल्यावर पेपरने वरच्यावर निघते. उद्यमनगर, शिरोलीकडे कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. ग्राइंडिंगचा लोखंडी कण थरात बसला तर आज काळा दिसतो आणि पुढच्या पावसानंतर तांबूस. तिथे रविवारी, यंत्रं बंद असताना काम काढावं.

एप्रिल-मेमध्ये सकाळी आठ ते साडेदहा. नंतर गच्चीवरचा पत्रा इतका तापतो, की वरची साय आधी धरते आणि आतलं थिनर तिला टाचणीएवढी भोकं पाडून बाहेर येतं. दुपारनंतर वळवाची भीती आहेच. जमिनीवर पाणी मारून धूळ बसवा, पण पार्टच्या खाली डबकं ठेवू नका. पेठेतल्या बोळात काम करणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या गाडीचा विचार आधी करावा. फवाऱ्याचा धुरळा चार-पाच मीटरवरच्या काचेवरही बसतो, आणि टू-केचा असेल तर दुसऱ्या दिवशी साबणाने निघत नाही, भांडण मात्र लगेच सुरू होतं.

सगळ्यात जास्त तक्रार असते डोळे पडण्याची: ओल्या थरात गोल खळगा, मधोमध खालचा रंग. बहुतेक वेळा दोष क्लिअरचा नसतो, तेलाचा किंवा सिलिकॉनचा असतो. डॅशबोर्ड पॉलिश, टायर चमकवायचा स्प्रे, दाराच्या बिजागरीचं तेल, आणि आपल्याकडे खास म्हणजे डोक्याला लावलेल्या खोबरेल तेलाचा हात. पार्ट ग्रीस रिमूव्हरने पुसायचा, दोन कापडं घेऊन: एकाने ओलं पुसायचं, लगेच दुसऱ्याने कोरडं. एकाच कापडाने पुसलं तर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसू नये, मागे तेलकटपणा राहतो. ही सफाई बेसच्या आधीची. ताज्या बेसवर रिमूव्हर फिरवला तर बेसच निघून येईल. तिथे फक्त टॅक क्लॉथ, म्हणजे धूळ टिपणारं चिकट कापड, तेही वजन न देता.

प्लास्टिकच्या बंपरबद्दल एवढंच. तो सहसा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, उघड्या प्लास्टिकवर आधी प्लास्टिक प्रायमर लागतो. तो गाळला असेल तर वर कुठलाही क्लिअर मारा, पहिल्याच ठोकरीला सालासकट सुटतो. लाकडाचा मेलामाइन किंवा एनसी लॅकर घरात उरलाय म्हणून गाडीवर वापरू नका. उन्हात पिवळा पडतो आणि तडकतो.

क्लिअर पार्टच्या मध्यात संपवायचा नाही. रंगाचा ठिगळ छोटा असला तरी क्लिअर कडेपर्यंत किंवा बॉडीच्या उठावाच्या रेषेपर्यंत न्यायचा. मध्यात सोडलेली कड आज दिसत नाही, सहा महिन्यांनी धुताना तिथूनच पापुद्रा उचलतो.

पॉलिशला साध्या क्लिअरवर किमान आठवडा थांबावं, टू-केवर डब्यावर लिहिल्याप्रमाणे, साधारण एक ते तीन दिवस. टू-के पुढे फार कडक होतो, महिन्याने घासायला घेतलात तर हात दुखतात. मेण किंवा कोटिंग मात्र महिनाभर नाही. १५०० चा वॉटर पेपर अर्धा तास पाण्यात भिजवून, पाण्यात शाम्पूचा एक थेंब टाकून, रबरी ब्लॉकवर गुंडाळून घासायचं. ओघळ असेल तर आधी फक्त ओघळावर, दोन्ही बाजूंना टेप लावून. मग २०००, जमल्यास ३०००, मग कंपाउंड, म्हणजे चमक आणणारी घासायची पेस्ट. कडा आणि उठावाच्या रेषा यांवर पेपर न्यायचाच नाही. तिथे क्लिअर आपोआपच पातळ बसलेला असतो. दर दहा-बारा हातांनी पाणी पुसून बघा. घासताना येणारं पाणी दुधासारखं पांढरं असेल तर क्लिअरच निघतोय. त्यात गाडीच्या रंगाची झाक दिसली की हात तिथेच थांबवा. क्लिअर संपून पेपर बेसला लागलाय, आणि त्या जागेला कंपाउंड कितीही चोळलं तरी उपयोग नाही. आजूबाजूचा भाग ८०० च्या पेपरने घासून मंद करा, तेवढ्यावर बेसचा हलका हात, आणि सगळ्या पार्टवर पुन्हा क्लिअर.